पसाभर बियाण्यावर तगलेले मार्जारकुळ

वाघ, सिंह, बिबट्या, रानमांजर आणि सह्याद्रीच्या झाडोऱ्यात वावरणारी जेमतेम दीड किलोची वाघाटी ही सगळी एकाच कुळातली. २०१७ साली झालेल्या फेरवर्गीकरणानुसार या मार्जार कुळात ४१ जाती आहेत. वाघाचे वजन वाघाटीच्या शंभरपटीहून अधिक भरते, तरी दोघांचे सांगाडे शेजारी ठेवले तर आकारमान सोडून फरक शोधावा लागतो. आखूड जबडा, लांब सुळे, मांस कातरणाऱ्या दाढा, आत ओढून घेता येणाऱ्या नख्या, हा सगळा सरंजाम एका कामासाठी घडलेला आहे. मार्जार कुळातले प्राणी मांसाशिवाय जगू शकत नाहीत. गोडाची चव ओळखणारे एक जनुक या कुळात फार पूर्वीच निकामी झाले आणि त्यावाचून कोणाचे काही अडले नाही. ही गोष्ट २००५ मध्ये उघडकीस आली. घरातल्या मांजराला दुधाची ओढ असते ती सायीची, साखरेची नव्हे.

या साम्यामुळे जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्यांची नेहमी पंचाईत होत असे. एखादा जबडा सापडला तरी तो कोणाचा पूर्वज हे ठरवणे कठीण. प्रोएल्युरस नावाचा, घरगुती मांजराहून थोडा मोठा प्राणी अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी युरोपात होता आणि तो कुळाच्या मुळाशी असावा, एवढे सर्वमान्य होते. पुढचा धागा मात्र हाती लागत नव्हता. तो लागला डीएनएमुळे. पिढ्यानुपिढ्या डीएनएची नक्कल होत असताना अधूनमधून एखादे अक्षर बदलते आणि तो बदल वंशात साठून राहतो. दोन जातींमधले असे फरक मोजले आणि वय ठाऊक असलेल्या जीवाश्मांशी ताळा करून पाहिला, तर त्यांचे पूर्वज केव्हा वेगळे झाले याचा अंदाज बांधता येतो.

वॉरेन जॉन्सन, स्टीफन ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये या पद्धतीने सगळ्या कुळाची वंशावळ मांडली. आजच्या मार्जारांचा समान पूर्वज सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी आशियात राहत होता आणि त्याच्यापासून आठ शाखा फुटल्या, असे त्यातून दिसले. सर्वांत आधी वेगळी झाली ती मोठ्या मार्जारांची शाखा. तिच्यात वाघ, सिंह, बिबट्या, जॅग्वार, हिमबिबट्या आणि ईशान्य भारतापासून बोर्निओपर्यंतच्या जंगलांतले ढगाळ बिबटे येतात. त्यानंतर बोर्निओचे तांबडे मांजर, कॅराकल, ऑसेलॉट, लिंक्स आणि प्यूमा यांच्या शाखा निघाल्या. अगदी शेवटी, सुमारे ६२ लाख वर्षांपूर्वी, दोन शाखा एकमेकींपासून विलग झाल्या. एकीत वाघाटी आणि मासेमार मांजर आहे, दुसरीत रानमांजर आणि घरचे मांजर.

या फाटाफुटीला समुद्राची साथ होती. हिमयुगांत पाणी बर्फात कोंडले गेले की समुद्र ओसरत आणि खंडांना जोडणाऱ्या जमिनीच्या पट्ट्या उघड्या पडत. आशियातून बेरिंगच्या वाटेने काही मार्जार उत्तर अमेरिकेत गेले, तिथून पनामाच्या संयोगभूमीवरून दक्षिण अमेरिकेत उतरले. तिकडच्या ऑसेलॉट शाखेत गुणसूत्रांच्या १८ जोड्या आहेत, बाकी साऱ्या कुळात १९. काहींनी उलटा प्रवास केला. आशियातून अमेरिकेत आणि अमेरिकेतून पुन्हा आशिया-आफ्रिकेकडे अशी ये-जा या कुळाने अनेकदा केली आहे.

मराठीत बिबट्याला सर्रास चित्ता म्हटले जाते, वर्तमानपत्रांतसुद्धा. वंशावळ पाहिली की ही गल्लत किती मोठी आहे ते कळते. बिबट्या हा वाघ-सिंहांचा भाऊबंद, तर चित्त्याचा जवळचा नातलग अमेरिकेतला बिनठिपक्यांचा प्यूमा. बिबट्या आणि चित्ता यांचा समान पूर्वज शोधायला एक कोटी वर्षे मागे जावे लागते.

वंशावळीचा वृक्ष नेहमीच स्वच्छ फांद्यांचा असतो असेही नाही. हिमबिबट्याचे बहुतेक जनुक त्याला वाघाच्या शेजारी बसवतात, पण फक्त आईकडून येणारा तंतुकणिकेतला डीएनए त्याला सिंहाजवळ नेतो. याचा अर्थ जाती वेगळ्या होऊ लागल्यावरही त्यांच्यात काही काळ संकर होत राहिले. पुढे आयबेरियन लिंक्सच्या कहाणीत ही गोष्ट फार मोलाची ठरते.

लाखो वर्षांच्या या इतिहासाबरोबर डीएनए अलीकडच्या काही हजार वर्षांतली हलाखीही नोंदवून ठेवतो. प्रत्येक प्राण्यात जवळपास प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक बापाची. त्या एकमेकींहून थोड्या निराळ्या असल्या तर एकीतला दोष दुसरी झाकून घेते. मोठ्या, पसरलेल्या समूहात अशा निराळेपणाला तोटा नसतो. पण कणगीतले सगळे धान्य संपून पसाभर बियाणे उरावे आणि पुढच्या सगळ्या पेरण्या त्यावरच व्हाव्यात, तसे एखाद्या जातीचे झाले तर? पुढे पीक कितीही उदंड आले तरी वाण तेवढेच राहतात. शिवाय उरलेले प्राणी एकमेकांचे सगेसोयरे असल्याने पिल्लांना दोन्हीकडून एकच सदोष प्रत मिळू लागते. याला अंतःप्रजनन म्हणतात. डोक्यांची संख्या वीस वर्षांत चौपट होऊ शकते. गमावलेले वैविध्य नव्या उत्परिवर्तनांतून पुन्हा साठायला हजारो पिढ्या लागतात.

याचे अभ्यासकांना हादरवणारे पहिले उदाहरण चित्त्याचे होते. १९८३ मध्ये ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या ५५ चित्त्यांच्या रक्तातली ४७ विकरे तपासली. एकातही चित्त्या-चित्त्यांत फरक आढळला नाही. प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या भावंडांचे संकर करून तयार केलेल्या उंदरांत असे दिसते, रानातल्या प्राण्यात नव्हे. मग त्वचेचे कलम करून पाहिले गेले. एका प्राण्याची त्वचा दुसऱ्याला लावली तर शरीर ती परकी म्हणून झिडकारते, पण एकमेकांशी नाते नसलेल्या चित्त्यांनी एकमेकांची त्वचा आपलीच समजून धरून ठेवली. पाळीव मांजराची त्वचा मात्र त्यांनी नाकारली. म्हणजे प्रतिकारशक्ती शाबूत होती, दुसरा चित्ता परका आहे एवढेच तिला ओळखता येत नव्हते.

याचा धोका त्याच सुमारास अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातल्या एका प्राणी उद्यानात प्रत्यक्ष दिसला. पाळीव मांजरांत थोड्यांचाच जीव घेणाऱ्या एका विषाणूची साथ तिथे आली आणि चित्ते एकामागून एक दगावत गेले. त्याच उद्यानातल्या सिंहांना काही झाले नाही. सगळ्या चित्त्यांची प्रतिकारयंत्रणा जवळपास सारखी, त्यामुळे एकाला भेदणारा विषाणू सगळ्यांना भेदू शकला.

२०१५ मध्ये चित्त्याच्या पूर्ण जनुकसंचाचे वाचन झाले तेव्हा त्याच्या वंशावर किमान दोन मोठी संकटे आल्याचे दिसले. पहिले एक लाख वर्षांहून आधीचे, चित्त्यांचे पूर्वज खंड ओलांडत पांगले त्या काळातले. दुसरे १० ते १२ हजार वर्षांपूर्वीचे, हिमयुग संपताना अनेक मोठे सस्तन प्राणी नष्ट झाले तेव्हाचे. त्यातून तगले ते थोडेच, आणि आजचे सगळे चित्ते त्यांचे वंशज.

भारतातल्या चित्त्यावर माणसाचा घाव वेगळाच पडला. मोगलांपासून संस्थानिकांपर्यंत सगळ्यांनी चित्ते पकडून शिकारीसाठी पाळले, पण कोंडलेले चित्ते विणत नसत. पाळलेल्या मादीला पिल्ले झाल्याचा प्रसंग इतका दुर्मीळ की जहांगीर बादशहाने तो आपल्या आत्मचरित्रात नोंदवून ठेवला. त्यामुळे प्रत्येक नवा चित्ता रानातूनच धरून आणावा लागे. कोल्हापूर आणि भावनगर संस्थानांत विसाव्या शतकातही चित्त्यांकडून काळवीट धरवण्याचा शौक होता आणि कोल्हापुरात चित्तेवानांची पिढीजात घराणी होती. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेतून आणवले गेले. १९४७ च्या सुमारास आताच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानात शेवटचे तीन चित्ते मारले गेल्याची नोंद आहे आणि १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. आशियाई चित्ते आज फक्त इराणमध्ये, तेही बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. म्हणूनच सप्टेंबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात आणले गेले ते नामिबियाचे ८ चित्ते आणि पाठोपाठ फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे १२. आफ्रिकी आणि आशियाई चित्त्यांचे वंश हजारो वर्षांपूर्वी वेगळे झालेले आहेत, त्यामुळे परत आला तो चित्ता, पण इथला वंश नव्हे.

कुनोचे रान खरे तर सिंहासाठी राखलेले होते. आशियाई सिंह एके काळी तुर्कस्तानापासून मध्य भारतापर्यंत होता. विसाव्या शतकाच्या आरंभी तो फक्त गीरच्या रानात मोजक्या संख्येने उरला होता आणि जुनागढच्या नवाबांनी शिकार आवरली म्हणून वाचला. तिथून त्याने घेतलेली उभारी थोर आहे: २०१५ मध्ये ५२३, २०२० मध्ये ६७४ आणि २०२५ च्या गणनेत ८९१ सिंह. पण हे सगळे त्या पसाभर बियाण्याचे पीक. १९८७ च्या एका तुलनेत गीरच्या सिंहांच्या विकरांत काहीच वैविध्य आढळले नाही आणि त्यांच्या वीर्यातले सुमारे ६६ टक्के शुक्राणू सदोष निघाले. टांझानियातल्या सेरेंगेटीच्या विस्तीर्ण कुरणांतल्या सिंहांत हे प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास होते. सेरेंगेटीला लागूनच गोरोंगोरो हे ज्वालामुखीचे विवर आहे. तिथले सिंह १९६२ मध्ये चावऱ्या माश्यांच्या साथीत जवळपास संपले होते आणि नंतरचा सगळा समूह थोड्या सिंहांपासून वाढला. त्यांचा आकडा या दोहोंच्या मधला निघाला. पुढे अधिक बारीक पद्धतींनी गीरमध्ये थोडे वैविध्य सापडले, पण जगातल्या सिंहांत ते सर्वांत कमी आहे, हा निष्कर्ष कायम राहिला.

एकाच रानात, एकाच साच्याचे सगळे सिंह असण्यातला धोका सप्टेंबर २०१८ मध्ये समोर आला. गीरच्या एका भागात दोन-तीन आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले आणि तपासणीत कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपरचा विषाणू सापडला. याच विषाणूने १९९४ मध्ये सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश सिंह मारले होते. तिथे तो समूह सावरू शकला, कारण तो मोठा होता. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्येच काही सिंह कुनोला हलवण्याचा आदेश दिला होता आणि त्या रानातली गावे त्याही आधी उठवली गेली होती. सिंह तिथे अजून गेलेले नाहीत. गीरचा सिंह एका राज्याचा मानबिंदू असणे समजण्यासारखे आहे, पण संपूर्ण वंशाचा धोका एकाच टोपलीत ठेवणे त्या सिंहाच्या हिताचे नाही.

अशा अडकलेल्या समूहाला बाहेरचे रक्त दिले तर काय होते, याचा सर्वांत नीट नोंदलेला दाखला फ्लोरिडाचा आहे. अमेरिकेच्या त्या दक्षिण टोकाला प्यूमांचा एक समूह इतरांपासून तुटून पडला होता. तिथे त्यांना पँथर म्हणतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते २० ते ३० उरले होते. त्यांच्या शेपट्यांची टोके मुरडलेली, पाठीवर केसांचा भोवरा, काहींच्या हृदयात छिद्र. अनेक नरांचे वृषण खाली उतरत नसत आणि नव्वद टक्क्यांहून अधिक शुक्राणू सदोष असत. बाहेरचा प्राणी आणला तर फ्लोरिडाची वेगळी ओळख बुडेल, असा आक्षेप बरीच वर्षे घेतला जात होता. शेवटी १९९५ मध्ये टेक्सासहून आठ माद्या आणून सोडल्या. त्यांतल्या पाच विणल्या. संकरित पिल्लांत ते दोष झपाट्याने कमी झाले, ती अधिक जगली आणि पंधरा वर्षांत समूह तिपटीने वाढला. मुळात टेक्सास आणि फ्लोरिडाचे प्यूमा एकोणिसाव्या शतकापर्यंत सलग पसरलेले होते. माणसाने मधला दुवा तोडला होता आणि तोच माणसाने गाडीत घालून आणला.

स्पेन-पोर्तुगालच्या आयबेरियन लिंक्सची कथा याहून गुंतागुंतीची आहे. तो जवळपास फक्त सशांवर जगतो. विसाव्या शतकात सशांमध्ये दोन विषाणूंच्या साथी आल्या, अधिवास तुटला, आणि २००२ च्या सुमारास शंभराहून कमी लिंक्स उरले. तेही दक्षिण स्पेनमध्ये दोन ठिकाणी, एकमेकांपासून तुटलेले. २०१६ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा तोवर पाहिलेल्या सर्वांत कमी वैविध्याच्या प्राण्यांत त्याची गणना झाली. दरम्यान बंदिस्त प्रजनन केंद्रांत २००५ पासून पिल्ले जन्मू लागली होती आणि दोन्ही ठिकाणच्या लिंक्सच्या जोड्या जनुकीय नोंदी पाहून जमवल्या जात होत्या. आज त्यांची संख्या दोन हजारांच्या पुढे आहे आणि २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने त्याला धोक्याच्या यादीत एक पायरी खाली आणले.

त्याच वर्षी एक अनपेक्षित गोष्ट समोर आली. दोन ते चार हजार वर्षांपूर्वीच्या लिंक्सच्या हाडांतला डीएनए वाचला, तर त्यांच्यात आजच्याहूनही कमी वैविध्य निघाले. मग आजच्या लिंक्समध्ये जास्तीचे आले कुठून? ते युरेशियन लिंक्सकडून आले होते. गेल्या दोनएक हजार वर्षांत कधीतरी या दोन जातींत संकर झाला आणि त्याचा अंश उरला. माणसाने प्यूमांसाठी जे ठरवून केले, ते लिंक्ससाठी निसर्गात आपोआप घडून गेले होते.

वाघाबाबत भारताची जबाबदारी सर्वांत मोठी आहे. आजचे सगळे वाघ सुमारे १ लाख १० हजार वर्षांपूर्वीच्या एका समूहाचे वंशज आहेत, असे २०१८ च्या जनुकसंच अभ्यासातून दिसते आणि त्यांचे सहा वेगळे गट ओळखता येतात. त्यांतला दक्षिण चीनचा वाघ तर आता फक्त पिंजऱ्यांतच आहे. भारतीय वाघांकडे जगातल्या वाघांच्या जनुकीय वैविध्याचा निम्म्याहून अधिक ठेवा आहे. २०२२ च्या गणनेत देशात ३,६८२ वाघ होते, महाराष्ट्रात ४४४. पण हा ठेवा लहान-लहान रानांत वाटला गेला आहे. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी रणथंबोरच्या वाघांत अंतःप्रजननाच्या ठळक खुणा दाखवल्या. अशा एकाकी समूहात काही घातक जनुके मरणाऱ्या पिल्लांबरोबर पुसली जातात. उरतात ती मात्र घट्ट रुजतात.

ओडिशाच्या सिमिलीपालमध्ये तर अंतःप्रजनन डोळ्यांनी दिसते. तिथल्या काही वाघांचे काळे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळतात आणि वाघ काळा भासतो. टॅकपेप नावाच्या जनुकातले एकच उत्परिवर्तन याला कारण असल्याचे २०२१ मध्ये सिद्ध झाले. दोन्ही प्रती तशा असतील तरच वाघ काळा दिसतो, तरी सिमिलीपालमध्ये त्यांचे प्रमाण सुमारे ३७ टक्के निघाले. बाकीच्या रानांतल्या वाघांत हा बदल सापडलाच नाही. याच जनुकातल्या वेगळ्या बदलाने आफ्रिकेतल्या 'राजा चित्त्या'च्या पाठीवर ठिपक्यांऐवजी पट्टे उमटतात आणि घरच्या काही मांजरांच्या अंगावर वेटोळी नक्षी येते. एक कोटी वर्षांपूर्वीची भाऊबंदकी अशी कातडीवर उमटून येते.

सिमिलीपालला नवे रक्त मिळावे म्हणून २०२४ च्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये चंद्रपूरच्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी तिकडे नेल्या. झीनत लवकरच सिमिलीपालबाहेर पडून झारखंडमार्गे पश्चिम बंगालच्या बांकुड्यापर्यंत गेली. तिथे तिला बेशुद्ध करून परत आणावे लागले.

वाघ गाडीत घालून नेणे हा अखेरचा उपाय. वाघाला स्वतः चालत जाता आले तर त्याची गरज पडत नाही. कान्हा, पेंच, सातपुडा आणि मेळघाटातल्या वाघांच्या विष्ठेतून डीएनए मिळवून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की मधले जंगलपट्टे शाबूत आहेत तिथे जनुकांची देवाणघेवाण अजून चालू आहे. विष्ठेत आतड्याच्या अस्तरातल्या पेशी येतात, त्यामुळे वाघाला न पकडता त्याची ओळख आणि नाती कळतात. पेंचच्या रानातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर याच कारणासाठी प्राण्यांसाठी नऊ भुयारी वाटा ठेवल्या गेल्या. त्यांतली सर्वांत लांब ७५० मीटरची आहे. तिथल्या कॅमेऱ्यांत पुलाखालून जाणारे वाघ टिपले गेले आहेत.

सह्याद्रीत असाच दुवा कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पापासून गोव्याच्या म्हादई अभयारण्यातून तिलारी, राधानगरी आणि कोयनेकडे येतो. जानेवारी २०२० मध्ये म्हादईत एक वाघीण आणि तिची तीन पिल्ले विषबाधेने मेली. दुवा बारीक असतो तेव्हा चार मृत्यूंनी वाघांची एक अख्खी पिढी कापली जाते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने जुलै २०२३ मध्ये हे रान व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्यास सांगितले. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले.

वाघ स्वतः हा दुवा कुठवर ताणतो, हे यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण नराने दाखवले. त्याच्या गळ्यात रेडिओ पट्टा होता. २०१९ च्या जूनमध्ये तो घर सोडून निघाला. मध्येच तेलंगणात शिरला, परतला, कापूस-सोयाबीनची शेते, रस्ते आणि नाले ओलांडत तेराशे किलोमीटर चालून डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पट्टा गळ्यात असेपर्यंतची त्याची एकूण चाल तीन हजार किलोमीटरच्या वर गेली. वाटेत त्याने रात्री प्रवास केला, दिवसा ओढ्यांच्या काठच्या झुडपांत दडी मारली. ज्ञानगंगेत त्याला शिकार मिळाली, पाणी मिळाले. त्या रानात एकही वाघीण नव्हती.